वाम दिसली का?

'नाईट व्हिजन' या दोन शब्दांवर माझा आता काडीचाही विश्वास राहिलेला नाही. सीताबर्डीच्या दुकानात मला सांगितलं होतं, "काका, घोर अंधारात मुंगी चालली त दिसते." मला मुंगी पाहायची नव्हती. मला एक मासा पाहायचा होता, वीतभर लांबीचा, माझ्याच हॉलमधल्या तीन फुटी काचेच्या टाकीतला. तेवढ्यासाठी मी अख्खा एप्रिल आणि मे चार कॅमेऱ्यांशी झटापट केली. आयुष्यभर वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसून मोठमोठी यंत्रं वळणावर आणलेला माणूस मी, पण या तळहाताएवढ्या डब्यांनी मला रडकुंडीला आणलं.

मासा म्हणजे वाम. खाणाऱ्यांना ती माहीत असते. सापासारखी लांबट, टोकदार तोंडाची. दिवसभर वाळूत स्वतःला गाडून घेते आणि घरातले दिवे आणि माणसं निजली की बाहेर येते. ही वाम माझ्या मुलीने आणलेली. ती कॉलेजात असताना आम्ही रामटेकजवळ माझ्या साडूकडे गेलो होतो. परतताना तलावाच्या काठी एक बाई मासे विकायला बसली होती. तिच्या टोपलीत झिंग्यांचा ढीग, आणि त्या ढिगात करंगळीएवढी ही वाम अजून वळवळत होती. मुलीने ती मागून घेतली, जेवणाचा डबा रिकामा करून त्यात तलावाचं पाणी भरलं आणि नागपूर येईपर्यंत डबा मांडीवर धरून बसली. मी बसमध्ये दोनदा म्हटलं, "मरून जाईन ते, कायले जीव लावून राहिली?" ती मेली नाही. आमच्या टाकीत मोली आणि बार्ब माशांच्या सोबतीने चांगली वाढली.

मुलीचं आणि माझं बिनसलं ते दोन वर्षांपूर्वी. तिने इलेक्ट्रिकल केलं, परीक्षा दिली, माझ्यासारखीच वीज खात्यात लागली. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या आमच्या पाळीतल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पेढा भरवला होता. चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला आणि कॅनडाला पुढचं शिकायला जाते म्हणाली. मी भडकलो. भडकलो की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. "जाऊन राहिली त जा. पण मग मले बाबा म्हणू नको," असं मी म्हणालो. पोट्टी माझ्यावरच गेलेली, तिने ते शब्दशः पाळलं.

तिचं विमान होतं त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसून राहिलो. विमानतळ आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. बायको एकटी तिच्याबरोबर ऑटोतून गेली. निघण्याआधी मुलीने टाकीच्या काचेवर एक कागद चिकटवला, त्यावर लिहिलं होतं, 'वाळू ढवळू नये.' तो आईसाठी होता. माझ्यासाठी तिने काही लिहून ठेवलं नाही, बोललीही नाही. मीही मान वळवली नाही. हे आज लिहितानासुद्धा मला माझीच चीड येते.

नंतरची दोन वर्षं दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. बायको फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवायची आणि भाजी निवडत बोलायची. मी शेजारच्या खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसायचो. त्या वेळात मी एकही बातमी वाचली असेल तर शपथ. तिकडे बर्फ पडला, तिने नवी खोली घेतली, तिला नोकरी लागली, हे सगळं मला पेपराआडून कळलं.

या जानेवारीत मी निवृत्त झालो. सगळा जन्म पाळ्यांमध्ये गेलेला, कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. घरात मी सलग असा कधी नव्हतोच. आता चोवीस तास घरी. पहिल्या आठवड्यात बायकोने रोज काहीतरी गोड केलं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "अजी, तुमचे कोणी दोस्त नाहीत का बाहेर?" मला ते लागलं, पण मी हसण्यावारी नेलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी फोन चालू असताना बायको कुकर उतरवायला आत गेली. टेबलावर फोन, समोर मी. मग फोनमधून आवाज आला, "वाम दिसली का?"

मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दोन वर्षांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "कोणती वाम?"

काय उत्तर दिलं, बघा. घरात एकच वाम.

"आपली वाम. लय दिवस झाले, आई म्हणते दिसून नाही राहिली. व्हिडिओ काढून पाठवता का? ती रात्रीच निघते."

"पाठवतो," मी म्हणालो.

एवढंच. तेवढ्यात बायको आली आणि त्या दोघी भेंडीच्या भाजीवर बोलू लागल्या. मला मात्र काम मिळालं होतं. मी मनाशी ठरवलं, हा व्हिडिओ निघाला तर पुढच्या रविवारी ती आणखी एक प्रश्न विचारेल. मग त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. माशाच्या निमित्ताने का होईना, पोरगी माझ्याशी बोलेल. या वयात माणसाला आणखी काय पाहिजे असतं, ते मला माहीत नाही. मला एवढंच पाहिजे होतं.

पहिला कॅमेरा माझ्या मोबाईलचा. रात्री बाराला टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. टाकीतला दिवा लावला तर वाम येत नाही आणि बंद केला तर मोबाईलमध्ये नुसती काळी खसखस पांगलेली दिसते. टॉर्च मारला तर मोली दचकून काचेवर आपटतात. दोन रात्री बसलो, दोन्ही रात्री एकच्या सुमाराला खुर्चीतच घोरायला लागलो. तिसऱ्या रात्री बायकोने हाकललं. "तुम्ही असे घोरून राहिले त वाम कायले येईन बाहेर? जा, आत झोपा." ती स्वतः उन्हाळाभर हॉलमध्येच दिवाणावर झोपते. कूलरची हवा तिच्या गुडघ्यात शिरते. मला कूलरच्या घरघरीशिवाय झोप लागत नाही, आणि एकदा लागली की उचलून नेलं तरी कळत नाही.

मग सीताबर्डी. तो मुंगीवाला दुकानदार. त्याने मला एक गोल पांढरा कॅमेरा दिला, जो मोबाईलवर दिसतो. घरी आणून टाकीसमोर ठेवला, दिवे मालवले, मोठ्या उत्साहाने मोबाईल पाहिला, तर टाकीच्या जागी पांढरा लख्ख गोळा. मासा नाही, पाणी नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात परत दुकानात. तेव्हा त्याने ज्ञान दिलं, की अंधारात हा कॅमेरा आपल्याला न दिसणारा उजेड स्वतःच फेकतो, तो काचेवर आपटून त्याच्याच डोळ्यात परत येतो. "काका, काचेतून पाहायचं आहे हे तुम्ही सांगतलंच नाही."

"मासा काचेत नाही ठेवत त काय खाटेवर ठेवतात का?" मी एवढ्या मोठ्याने म्हणालो की बाजूच्या दुकानातली दोन माणसं डोकावली.

घरी येऊन मी त्याला तिरका ठेवून पाहिला, उंच ठेवून पाहिला, शेवटी काचेला चिकटवून भोवती काळा कपडा गुंडाळला. आणि जमलं! वाळू दिसली, हवेच्या पंपाचे बुडबुडे दिसले, झोपलेली मोली दिसली. मी बायकोला हाका मारून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि कणीक मळायला गेली. तिला काहीच आनंद झाला नाही याचा मला राग आला.

सकाळी उठून रात्रीचं रेकॉर्डिंग पाहिलं. दोन पन्नासपर्यंत वाळू. दोन पन्नासला कॅमेरा बंद. तीन चाळीसला पुन्हा चालू. वाम नाही.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री दोन अठ्ठेचाळीस. माझी सवय जाणार कुठे, मी वही काढून नोंदी ठेवायला लागलो. किती वाजता ट्रिप झाला, किती वाजता आला. अडॅप्टर बदलला. बोर्ड बदलला. इंटरनेटवाल्याला बोलावून त्याची खरडपट्टी काढली. कंपनीच्या हेल्पलाइनवर एका बाईने मला अर्धा तास गाणं ऐकवलं आणि मग विचारलं की कॅमेरा प्लगला लावला आहे का. मी फोन आपटला.

"लाइट गेली असन," बायको म्हणाली.

"लाइट गेली असती त कूलर बंद झाला असता अन् मी उठलो असतो."

"मग गरम होत असन तो."

"रोज पावणेतीनलाच गरम होते का? यंत्राले घड्याळ समजते का?" मी म्हणालो. हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो. पाळीत नवीन आलेल्या पोरांना मी नेहमी शिकवायचो, की बिघाड ठरल्या वेळी येत असेल तर यंत्र सोडा आणि माणूस शोधा. आणि इथे मी दुकानदाराला शोधत होतो. त्याने बदलून दिलेला दुसरा कॅमेराही त्याच वेळी बंद पडायला लागला, तेव्हा मी तोही त्याच्या काउंटरवर ठेवून आलो. त्या दुकानाकडे मी आता पाहतही नाही.

तिसरा कॅमेरा आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडचा. आधी मी त्याचा मोठा कॅमेरा मागितला. तो म्हणाला, "काका, कितीबी मोठा कॅमेरा आणा, उजेडच नाही त तो तरी काय करन?" मग त्याने पाण्यात चालणारा एक छोटा डबा दिला. नवरा-नवरी तलावात उभे राहून फोटो काढतात तेव्हा तो वापरतो म्हणे. मी त्याला दगड बांधून टाकीत सोडला. दगड सुटला, कॅमेरा उताणा पडला, आणि त्याने टाकीच्या झाकणाचं सव्वा तास चित्रण करून प्राण सोडला. शेवटी शेवटी एक मोली येऊन भिंगाला चोची मारून गेली, तेवढीच करमणूक.

एव्हाना मे उजाडला होता. नागपूरचा मे. नळाचं पाणी दुपारी चहाला ठेवल्यासारखं येत होतं. मी बाटल्यांमध्ये पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवायचो आणि टाकीत तरंगत ठेवायचो. तरी एका दुपारी एक बार्ब पोट वर करून तरंगला. त्या दिवशी माझा धीर सुटला. वाम वाळूत केव्हाच मेली असेल आणि आपण कॅमेरे बदलत बसलोय, असं वाटून मी बाही वर करून टाकीत हात घातला. वाळू उकरून एकदाचं काय ते पाहायचं. मागून बायको ओरडली, "कागद वाचता येत नाही का तुम्हाले?"

मी हात काढला. खरं सांगायचं तर ती ओरडली ते मला बरंच वाटलं. वाळूतून काय निघेल याची मला भीती वाटत होती. मेलेली निघाली तर रविवारी सांगायचं काय? रविवार आला की प्रश्न यायचाच. "वाम दिसली का?" मी म्हणायचो, "कॅमेऱ्यात लोचा आहे." ती म्हणायची, "कोणता घेतला?" मग मी तावातावाने कॅमेऱ्याची आणि दुकानदाराची उणीदुणी काढायचो. पाच मिनिटं, कधी दहा. ती ऐकायची. मधे "बाबा" हा शब्द येणार नाही अशी वाक्यं ती इतकी जपून बनवायची, की मला तो टाळलेला शब्दच ऐकू यायचा.

चौथा कॅमेरा साडूचा. रामटेकपलीकडे त्याचं धानाचं शेत आहे, जंगलाला लागून. मी फोनवर रडगाणं गायलं तर तो म्हणाला, "काहून गा भाऊ, मले आधी नाही सांगतलं? माझ्याकडे आहे ना कॅमेरा. धानात डुकरं घुसतात, कुठून घुसतात ते पाहाले घेतला. जनावर समोर आलं का आपोआप फोटो. ना वायर, ना इंटरनेट."

"माशाचा निघंन का?"

"मागच्या साली वाघाचा निघाला गा! वाघाचा निघते त माशाचा काहून नाही निघणार?"

मला ते पटलं. आपल्या भागातल्या माणसाला वाघाचं उदाहरण दिलं की कोणतीही गोष्ट पटते. तो सोमवारी कापडाच्या खरेदीला इतवारीत आला तेव्हा कॅमेरा घेऊन आला. हिरवट-तपकिरी रंगाचा, झाडाला बांधायचा पट्टा, आत आठ सेल. फक्त रात्री चालेल असा त्याने तो लावून दिला. रात्री जेवणं झाल्यावर मी तो टाकीपासून सहा पावलांवर एका खुर्चीच्या पाठीला आवळून बांधला, काचेवर उजेड आपटू नये म्हणून तिरका.

बायको पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. "हा बी रात्री बंद पडते का?"

"याले वायरच नाही. बंद कसा पडंन?"

"अन् माणसाचा फोटो काढते का हा?"

"जंगलातला आहे तो, जनावरांचा. माणसाचं काय करते?"

मी हे अगदी ठासून सांगितलं. तिने मान हलवली.

साडूने बजावलं होतं की आठवडाभर हात लावायचा नाही, जनावराला वास येतो. माशाला कसला वास, हे मी विचारलं नाही. रविवारी सकाळी बायको गच्चीवर मुंगवड्या वाळत घालायला गेली, तेव्हा मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि मुलीच्या जुन्या लॅपटॉपला लावलं. चाळीसच्या वर फोटो होते. मी अक्षरशः टाळी वाजवली.

पहिला फोटो माझा, पट्टा आवळतानाचा, नाकपुड्यांसकट. दुसरा रात्री दोन बावन्नचा. काळापांढरा, खाली तापमान आणि चंद्राची कोर छापलेली. त्यात बायको होती. गाऊन, चष्मा, खांद्यावर वेणी. ती स्टूल घेऊन टाकीकडे जात होती. तिसऱ्यात ती स्टुलावर बसली होती आणि तिच्या हातात मोबाईल होता, त्याचा पडदा फोटोत पांढरा जळत होता. चौथ्यात टाकीचं झाकण उघडं, काचेशेजारी देवघरातलं निरांजन तेवतंय, तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात. आणि पाचव्यात वाम.

वाम जिवंत होती. नुसती जिवंत नव्हती, लठ्ठ झाली होती. वाळूतून अर्धी वर येऊन ती बायकोच्या बोटांतून काहीतरी खात होती, बहुधा गांडूळ. आणि बायकोने दुसऱ्या हाताने मोबाईल काचेला टेकवून धरला होता, पडदा आपल्याकडे आणि कॅमेऱ्याची बाजू वामेकडे. कोणाला तरी दाखवावं तसा.

मी पुढचे फोटो भराभर पाहिले. सोमवारची रात्र, मंगळवारची, बुधवारची. वेळ तीच, पावणेतीन ते पावणेचार. चंद्राची कोर रोज थोडी मोठी झालेली, बाकी सगळं तेच. कुठे बायको बोलत होती, कुठे डोळे पुसत होती. एका फोटोत ती मान मागे टाकून हसत होती. मी तिला असं हसताना पाहिल्याला किती दिवस झाले असतील, ते मला आठवलं नाही.

रात्रीचे तीन म्हणजे कॅनडात संध्याकाळचे साडेपाच. नोकरीवरून घरी यायची वेळ.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोघींनी मिळून मला दोन महिने उल्लू बनवलं! पोट्टी रोज रात्री वाम पाहते आणि रविवारी मला विचारते, वाम दिसली का. मी उन्हातून सीताबर्डीला खेटे घालतो, हेल्पलाइनवर गाणी ऐकतो, आणि ही बाई वायर काढून ठेवते, फोन झाला की परत लावते, वर मला म्हणते गरम होत असन! लॅपटॉप तसाच उचलून मी गच्चीकडे निघालो. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच होता.

अर्धा जिना चढलो आणि पाय थांबले. पावणेतीन ही काय फोन करायची वेळ आहे, हा प्रश्न मला तिथे पडला. जानेवारीपर्यंत मी ड्युटीवर असायचो तेव्हा घर त्या दोघींचं होतं. हव्या तेव्हा बोलत असतील, हसत असतील. मी निवृत्त झालो आणि चोवीस तास हॉलमध्ये ठाण मांडून बसलो. माझ्या कानावर न पडता मायलेकींना बोलायला दिवसातला एक तास उरला नव्हता. तो बिचारीने रात्रीतून काढला होता, कूलरच्या घरघरीच्या आडोशाने. माझ्या घरात माझ्या बायकोला हसायला रात्रीचे तीन वाजावे लागत होते. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मला रडू आलं, आणि त्याचाही रागच आला.

आणि वाम? वाम तर मुलीने आदल्या रात्रीच पाहिलेली असायची. तरी ती दर रविवारी मला विचारत होती. "बाबा" मी तिच्याकडून काढून घेतलं होतं, तब्येत कशी आहे हे विचारायची सोय मी ठेवली नव्हती. मग तिने विचारायचं काय? तिला एक मासा सापडला. आणि तो प्रश्न संपू नये म्हणून दोघी मिळून रात्री माझा कॅमेरा बंद पाडत होत्या की काय, कोण जाणे. मी ते आजवर विचारलेलं नाही.

वरून बायको मुंगवड्यांचं रिकामं ताट घेऊन उतरली. मला पायरीवर बसलेलं पाहून थबकली. "काय झालं? आलं का काही त्याच्यात?"

"नाही," मी लॅपटॉप मिटवला. "माझा एकट्याचाच फोटो आहे."

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. "मग दुसरा पाहा," म्हणाली आणि खाली गेली.

दुपारी मी साडूला फोन केला. त्याने पोराकडून कॅमेऱ्याचं पुस्तक वाचून घेतलं होतं. तो कॅमेरा अंगातली ऊब हलली की फोटो काढतो म्हणे. मासा पाण्याइतकाच गार, आणि काचेतून ऊब कळतही नाही. "भाऊ, माशाचा सात जन्मात निघाला नसता याच्यात," साडू म्हणाला. "माणसाचा मात्र एकदम बरोबर निघते." मी म्हटलं, हो, निघते.

संध्याकाळी फोन आला. बायकोने तो नेहमीसारखा टेबलावर ठेवला आणि गवारीच्या शेंगा मोडायला बसली. मी पेपर घेतला नव्हता. त्या दोघींचं थोडं बोलणं झालं, इकडचं ऊन, तिकडचा पाऊस. मग तो प्रश्न आला.

"वाम दिसली का?"

मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. 'नाही, नवीन कॅमेरा पाहून राहिलो' असं म्हणायचं, म्हणजे आणखी महिना-दोन महिने निभावले असते. तोंड उघडलं आणि ते आलंच नाही.

"नाही दिसली," मी म्हणालो. "माझ्याच्यानं नाही होत ते. तू ये अन् तूच दाखव मले. मी येतो एअरपोर्टवर. कितीबी वाजता असो."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं लाइन गेली. मी फोन उचलून पाहिला, सेकंद पुढे सरकत होते. माझ्या तोंडाने पुन्हा घोटाळा केला असं वाटून मी काहीतरी दुसरं बोलणार होतो, तेवढ्यात तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तोपर्यंत वाळू नका ढवळू, बाबा," ती म्हणाली.

"नाही ढवळत," मी म्हटलं.